एक पायरी शिल्लक

पहिली बैलगाडी मैलूरच्या वळणावर दिसली तेव्हा मुकुंदराव नव्या दाराला आंब्याची डहाळी बांधत होते. गाडीत नलिनीअक्का होती. ते ठीकच होतं. भावाच्या वास्तुशांतीला थोरली बहीण कमठाण्याहून येणारच. पण अक्काच्या मागं एक लोखंडी पलंग उभा होता, पलंगाला टेकून एक ट्रंक होती आणि ट्रंकेवर गुडघे पोटाशी घेऊन बारीक मिशीचा एक तरुण बसला होता.

"हे कोण गं, अक्का?"

"माझा भाडेकरू," अक्का गाडीतनं उतरत म्हणाली. "विरुपाक्ष. गुलबर्ग्याचा हाय, बांधकाम खात्यात कारकून. खातं जिल्हाभर इमारती बांधायलंय आन् ह्याला बिदरात खोली मिळंना. चार म्हैने झाले, हपिसातल्या टेबलावर झोपायलाय बिचारा."

विरुपाक्षनं ट्रंकेवर बसूनच नमस्कार केला. उतरलो तर ट्रंकेची जागाही जाईल, असा धाक त्याच्या चेहऱ्यावर होता.

"पण अक्का, भाडेकरू कशाचा?"

"कशाचा म्हंजे? खोलीचा. माझ्या. रस्त्याकडच्या. सात रुपये म्हैना ठरलाय, तीन म्हैन्याचं आगाऊ घेतलंय. खर्चलं बी. हे बघ, तुझ्या वास्तूचा आहेर त्यातनंच आणलाय." तिनं एक लखलखीत पितळी पातेलं त्याच्या हातात दिलं आणि ती तरातरा दाराकडं निघाली.

"अक्का, पायरी बघून! तिसरी पायरी—"

अक्का धडपडली, चौकट धरली आणि सावरली. ओट्याला तीन पायऱ्या असायला हव्या होत्या. दोन होत्या. तिसरीचा घडीव तांबडा दगड भिंतीशी उभा करून ठेवला होता, गेले दोन महिने.

"चनमल्लप्पा!" मुकुंदराव ओरडले. "आज तरी बसव की रे ती पायरी!"

"बसवतो की, मास्तर," गवंडी चनमल्लप्पा माडीवरनं, म्हणजे जिथं पुढंमागं माडी होणार होती तिथनं, म्हणाला. "दगूड अजून हवेला बसायचाय."

मुकुंदरावांनी पातेल्यात तोंड पाहिलं. पितळेत ते नेहमीपेक्षा जास्तच घाबरलेले दिसत होते.

आता ह्यात त्यांची चूक काय, ते सांगायला पाहिजे. हायस्कुलातल्या गणिताच्या मास्तरला पंच्याऐंशी रुपये पगार. पोलिस ॲक्शननंतर बिदरात नवी हपिसं आली, हपिसांमागं कारकून आले, आणि आठ रुपयांची खोपटं पंधराला गेली. तेव्हा मुकुंदरावांनी मैलुरात जागा घेतली आणि घर काढलं. पैसा सावकाराकडनं घ्यावा तर व्याज. नात्यात घ्यावा तर नात्यात व्याज घेणं बरं दिसत नाही. म्हणून आमच्याकडं नात्यात भोग्य घेतात. तू रोख दे, मी खोली देतो. व्याज नाही, भाडं नाही. मुद्दल फिटेस्तोवर खोली तुझी, तू राहा नाहीतर दुसऱ्याला ठेव. व्याजापेक्षा हे महाग पडतं, पण दिसतं चांगलं.

थोरले बंधू नरहरराव ह्यांनी सहाशे दिले आणि पूर्वेची खोली लिहून घेतली. नलिनीअक्कानं चारशे दिले, रस्त्याकडची खोली. मेव्हणा अच्युतराव ह्यानं पाचशे दिले, मधली खोली. घरात खोल्या तीन. तिघांनीही कागदावर सही घेताना एकच वाक्य म्हटलं होतं: "मी काय राहायला येणार हाय व्हय? कागद आपला नावापुरता." आणि दुसरं: "बाकीच्यांना बोलू नको."

मुकुंदराव मोठ्यांचा शब्द मानणारे. तिनातनं नावापुरते तीन वजा केले की बाकी तीनच उरतात, असं गणित त्यांनी मांडलं होतं. वीस वर्षांत त्यांचं गणित कधी चुकलं नव्हतं, कारण आजवर उदाहरणात नातेवाईक नव्हते.

बायकोला त्यांनी सांगितलं होतं की पैसे खात्यातनं मिळाले.

मागनं एक टांगा आला. त्यातनं आधी एक आरामखुर्ची उतरली, मग वळकटी, मग पानाचा डबा, आणि शेवटी गुलबर्ग्याच्या कोर्टातले निवृत्त पेशकार नरहरराव.

"मुकुंदा, पूर्वेची खोली कुठली रे? हवापालट करावा म्हणतो. बिदरची हवा लई बेष्ट."

"किती दिस, अण्णा?"

"हवा पालटंल तवर."

सुनेशी त्यांचं तीन महिने बोलणं नव्हतं, हे सगळ्या गुलबर्ग्याला ठाऊक होतं. हवा लवकर पालटण्यातली नव्हती. नरहरराव आपल्याच विचारात दाराकडं निघाले, नसलेल्या पायरीवर पाय दिला आणि थेट चौकटीच्या गळ्यात पडले.

*

मागच्या पडवीत, पत्र्याखाली, अनसूया नव्या चुलीपुढं बसली होती. चुलीत अजून जाळ नव्हता. मुहूर्ताला एक तास होता.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. ह्या एकोणीस वर्षांत आठ घरं झाली, सगळी भाड्याची. एका घरात विहिरीवर मालकिणीचा पहारा होता, एका घरात रात्री नऊनंतर खोकायची बंदी होती. आठव्या घराची किल्ली काल संध्याकाळी परत केली. हिची चूल गार व्हायच्या आत मालकानं नवं बिऱ्हाड आत घेतलं होतं. त्या बिऱ्हाडाची बाई दारात उभी राहून विचारत होती, "झालं का तुमचं?"

भाड्याच्या घरात दूध उतू गेलं की बरकत मालकाला जाते, असं सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून एकोणीस वर्षं अनसूयानं दुधावर डोळा ठेवला होता. दूध कडेला आलं की एक फुंकर, बस्स. तिच्या फुंकरीला वर आलेलं दूध आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं खाली बसायचं. आज मात्र ती फुंकणार नव्हती. आज ते उतू जाणार, चुलीत सांडणार, चर्र आवाज होणार, आणि घर आपलं होणार. त्या आवाजासाठी ती पहाटे तीनपासून जागी होती.

"अक्का," गवंड्याची बायको ईरम्मा भांडी पुसत म्हणाली, "उद्यापासनं आमी कुठं जावं?"

चनमल्लप्पानं बिदरात चाळीस घरं बांधली होती. स्वतःचं एक नव्हतं. गवंड्याच्या मजुरीत घर बसत नाही. ज्याचं काम चालू, त्याच्यातच नवराबायको चूल मांडायचे. घर पुरं झालं की पुढच्या घरात. त्यामुळं चनमल्लप्पा प्रत्येक घरात एक काम शिल्लक ठेवायचा. कुठं कोनाडा, कुठं मोरीचा दगड. एका वकिलाच्या घरात एका खुंटीवर त्यानं आख्खा पावसाळा काढला होता. मुकुंदरावांच्या घरात ते चौदा महिने राहत होते, आणि आता फक्त पायरी उरली होती.

"बघू की गं," अनसूया म्हणाली. "आज तर जेव पोटभर."

तेवढ्यात अच्युतराव आत आला. अनसूयाचा धाकटा भाऊ. सरकारी नोकरी सोडून त्यानं मिरचीचा धंदा धरला होता, आणि तेव्हापासून जवळ आला की माणसाच्या नाकाला कळायचं.

"अक्का, मधली खोली रिकामी कर जरा. भटजीला म्हणावं होम अंगणात मांड. बावीस पोती आल्यात माझी."

"पोती? हितं कामून?"

"गंजबाजारात गोदामाचं भाडं काय झालंय म्हाईत हाय? मग माझी खोली असताना मी कामून भरू?"

"तुझी खोली?"

अच्युतराव थांबला. बहिणीचं तोंड बघून त्याला कळलं की आपण काहीतरी उघड केलंय, पण काय, ते नीट कळलं नाही.

"दाजी बोलले न्हाईत? पाचशे दिलेत मी. भोग्यावर. मधली."

अनसूयानं हातातली काडेपेटी खाली ठेवली. "वन्संनी पलंग आणलाय," ती हळू म्हणाली. "भावजींनी खुर्ची आणलीय. मला वाटलं, आहेर हाय."

"अण्णांची पूर्वेची," दारातनं नलिनीअक्काचा आवाज आला. ती पाणी मागायला आली होती आणि ऐकत उभी राहिली होती. "माझी रस्त्याकडची. ह्या अच्युताचं मला आत्ता कळायलंय. बघ की, मुकुंदानं मला बोललं न्हाई! सख्ख्या बहिणीला!"

"बाकीच्यांना बोलू नको असं तुमीच म्हणाला असाल, वन्सं."

"ते बाकीच्यांना. मला बोलायला काय झालं?"

अनसूयानं बोटं मोजली. पूर्वेची, मधली, रस्त्याकडची. मग तिनं पडवीकडं पाहिलं. तीन भिंती, वर पत्रा, एक चूल. तिच्या नावाचं एवढंच उरलं होतं.

"ईरम्मा," ती म्हणाली, "चूल पेटव. बारीक जाळावर ठेव दूध. वन्संच्या पातेल्यातच ठेव. मी आले."

*

होम मधल्या खोलीत चालू होता, बरोबर दारासमोर. पाटावर एकटे मुकुंदराव बसले होते. शेजारचा पाट रिकामा होता आणि भटजींनी दोनदा विचारलं होतं, "यजमानीण?"

यजमानीण आली. पाटावर बसली. तुपाच्या पळीला हात लावला आणि समोर बघत म्हणाली, "कुठल्या खात्यातनं मिळाले पैसे?"

"स्वाहा," मुकुंदराव म्हणाले.

"पंधराशे रुपये. तीन खोल्या. आज रात्री आपण निजायचं कुठं, गणिताचे मास्तर?"

"ते म्हणाले होते, नावापुरतं—"

"स्वाहा म्हणा," भटजी म्हणाले.

"आपली पोरगी अन्नपूर्णा सोळा वर्षांची हाय. तिला निजवायची कुठं? चुलीवर?"

"स्वाहा," मुकुंदराव इतक्या केविलवाण्या आवाजात म्हणाले की भटजींना वाटलं यजमान भक्तीनं गहिवरले.

नेमकं तेव्हा अच्युतरावाच्या हमालानं पहिलं पोतं पाठीवर घेतलं. बहिणीनं हो-नाही काही म्हटलं नव्हतं, म्हणजे होच, असं समजून अच्युतराव कामाला लागला होता. हमाल पहिल्या पायरीवर चढला. दुसऱ्या पायरीवर चढला. तिसऱ्या पायरीवर चढला, आणि ती नव्हती.

पोतं हमालाच्या डोक्यावरनं पुढं गेलं, उंबऱ्यावर आपटलं, उसवलं, आणि लालभडक मिरच्या घरंगळत, उडत, नाचत होमापर्यंत पोचल्या. ओंजळभर थेट कुंडात.

कुंडातनं झणझणीत धूर उठला. भटजी मंत्राच्या मध्यावर शिंकले आणि सोवळं सावरत खिडकीतनं बाहेर गेले. नरहरराव आरामखुर्चीसकट उठले. नलिनीअक्का खोकत खोकत अच्युतरावाला शिव्या देत होती, पण ठसक्यामुळं प्रत्येक शिवीचा पहिला अर्धाच भाग बाहेर येत होता. दोन मिनिटांत आख्खी वास्तुशांत अंगणात उभी होती, डोळे पुसत, नाकं शिंकरत. शेजारच्या घरातनं एकानं विचारलं, "मास्तर, कोण गेलं हो?"

"कुणी न्हाई!" मुकुंदराव रडत म्हणाले. "आनंदाची गोष्ट हाय!"

*

नलिनीअक्काचं डोकं ठसक्यातसुद्धा चालत असे. तिनं अच्युतरावाला कोपऱ्यात घेतलं.

"हे बघ, अण्णांची पूर्वेची खोली सगळ्यात मोठी. सहाशे देऊन मोठी खोली, आन् आपल्याला कोंदट. आपण दोघं एक झालो तर अण्णांना रस्त्याकडची देऊ, पूर्वेची तुला पोत्यांना, मधली माझ्या विरुपाक्षाला."

"ठरलं," अच्युतराव म्हणाला.

"काय ठरलं?" नरहरराव मागंच होते. पेशकारी चाळीस वर्षं केलेला माणूस. कुजबूज त्यांना हाकेपेक्षा जास्त ऐकू यायची. "माझ्या खोलीच्या शेजारी मिरची? दस्तावेज हाय माझ्याकडं, दस्तावेज!"

"आमच्याकडं बी हाय!"

तिघांनी एकाच वेळी तीन कागद काढले. हवेत तीन कागद फडफडले आणि नरहररावांचे डोळे बारीक झाले. त्यांनी बहिणीच्या हातातला कागद ओढला. मग अच्युतरावाचा.

"मुकुंदा! हा तर माझा मसुदा हाय! शब्दाला शब्द!"

"तुमचा चांगला होता, अण्णा," मुकुंदराव म्हणाले. "मी फक्त नाव, रक्कम आन् खोली बदलली."

खरं तर नरहररावांना राग यायला हवा होता. पण आपला मसुदा दुसऱ्यांच्याही कामाला आला, हे कळल्यावर चाळीस वर्षांच्या पेशकाराला काय होतं ते पेशकारालाच कळतं. छाती पुढं आली. ठसका थांबला.

"वाचा की भावजी," अनसूया शांतपणे म्हणाली. ती विहिरीच्या कठड्याशी उभी होती. "मोठ्यानं वाचा. मला काय लिहिलंय ते तरी कळू द्या. तुमच्यासारखं वाचणारं दुसरं कोण हाय हितं?"

नरहररावांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि कोर्टातल्या आवाजात सुरू केलं. रक्कम. खोलीची दिशा. चार भिंती, एक दार, एक खिडकी. मुद्दल फिटेस्तोवर भोग. आणि मग, प्रत्येक शब्द सुपारीसारखा चघळत: "'सदर खोलीचा कब्जा इमारत मुकम्मल होईल त्या रोजापासून सुरू समजावा.' बघितलं? हे माझं खास कलम. न्हाईतर मुकुंदा मला बिनछपराच्या भिंती देऊन मोकळा झाला असता."

"मुकम्मल म्हंजे?"

"म्हंजे पुरी. सगळी. काही शिल्लक न ऱ्हाता."

"तिन्ही कागदात हाय?"

"तिन्हीत!" नरहरराव अभिमानानं म्हणाले.

अनसूयानं डोळे पुसले. आता ते मिरचीचं पाणी होतं का दुसरं, सांगता येत नव्हतं. मग तिनं माडीकडं मान वर केली.

"चनमल्लप्पा, खाली ये. घर मुकम्मल झालं का?"

चनमल्लप्पा शिडीवरनं सावकाश उतरला. आयुष्यभर लोक त्याला हाच प्रश्न विचारत आले होते. शिव्या देऊन, हात जोडून, पैसे अडवून. पण आज विचारणाऱ्या बाईच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग ईरम्मा होती त्या पडवीच्या दिशेला, मग भिंतीशी उभ्या केलेल्या दगडाकडं.

"इन्नू मुगिदिल्लरी," तो म्हणाला. मग सगळ्यांना नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाला, "अजून न्हाई, अक्का. पायरी ऱ्हायलीय."

"एक पायरी!" अच्युतराव किंचाळला. "आत्ता बसव!"

"दगूड हवेला बसंना की, साहेब. आन् माडी बी व्हायचीय. कोनाडे हाईत." चनमल्लप्पाला आता रंग चढला. "पुन्ना बिदर म्हैसुराकडं जातंय का कुठं, ते दिल्लीवाल्यांचंच ठरंना झालंय. घर कुठल्या राज्यात यायचं तेच म्हाईत न्हाई, तवर पुरं कसं म्हणावं?"

"अण्णा, तुमी सांगा!" नलिनीअक्का म्हणाली. "असलं कुठं कोर्ट मानंल का?"

नरहरराव अडचणीत आले. खोली जात होती. पण कलम जिंकत होतं. सून आठवली, आरामखुर्ची आठवली, शेजारी येणाऱ्या बावीस पोत्यांचा वास आठवला. आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या विरुद्ध निकाल दिला.

"कलम पक्कं हाय. मीच लिहिलंय. बाई बरोबर बोलायलीय."

"वा अण्णा! म्हंजे तुमी तिच्या बाजूनं?"

"मी कलमाच्या बाजूनं!"

"थांबा, थांबा," अच्युतराव म्हणाला. मिरचीवाला असला तरी डोकं होतं त्याला. "आज वास्तू हाय न्हवं? वास्तू झाली की घर पुरं, हे जग मानतंय. काय भटजी?"

भटजींचं नाक लाल झालं होतं आणि दक्षिणा अजून मिळायची होती. "होम मोडला," ते म्हणाले. "पण तेवढ्यानं अडत न्हाई. नव्या घरात यजमानिणीचं दूध उतू गेलं की वास्तू झाली, घर पुरं झालं. मग पायरी असू दे का नसू दे."

"अण्णा?"

"दूध उतू गेलं," नरहररावांनी विचार केला, "तर मुकम्मल. हे मात्र मानावं लागंल."

 आणि त्याच क्षणी मागच्या पडवीतनं ईरम्माचा आवाज आला:

"अक्का, या की लौकर! दूध वर यायलंय!"

*

सगळं अंगण पळालं. अच्युतराव पुढं, नलिनीअक्का त्याच्या मागं, विरुपाक्ष ट्रंक काखेत घेऊन. घरातनं जायचा रस्ता मिरचीनं बंद, म्हणून बोळातनं, चुन्याच्या ढिगावरनं. मुकुंदरावांचं धोतर शिडीत अडकलं. पण अनसूया आधी पोचली. एकोणीस वर्षं दुधाकडं धावायची सवय होती तिला.

पातेलं काठोकाठ आलं होतं. पांढरी साय फुगून वर उचलली जात होती. खाली जाळ लाल होता, चूल नवी होती, चुलीचं तोंड पूर्वेला होतं. सगळं तिनं मनात ठरवलं होतं तसंच.

"जाऊ दे उतू!" अच्युतराव ओरडला. "शुभ असतंय अक्का!"

"हात लावू नको अनसूया!" नलिनीअक्का ओरडली. "अडवलं तर अपशकुन!"

साय काठावर आली. काठावर थांबली. अनसूया बघत होती. एक थेंब पडला तर चर्र होणार होतं. किती वर्षं तिनं तो आवाज कानात धरून ठेवला होता.

ती वाकली आणि फुंकर मारली.

दूध खाली बसलं. परत वर आलं. तिनं परत फुंकलं, पदरानं पातेलं धरलं आणि चुलीवरनं खाली उतरवलं. एक थेंब सांडला नाही.

 मग नलिनीअक्का पुटपुटली, "अगं, वास्तू ऱ्हायली की."

"ऱ्हाऊ दे वन्सं. घरच व्हायचंय अजून." अनसूयानं पदर खोचला. "आता ऐका. तुमचे पैसे बुडणार न्हाईत. आमी म्हैन्याला पंधरा रुपये भाडं भरायचो, ते आता तुमाला हप्ता. किती दिस लागतील हो?"

"आठ वर्षं चार महिने," मुकुंदराव शिडीत अडकल्या जागेवरनं म्हणाले.

"आठ वर्षं!" अच्युतरावानं कपाळाला हात लावला. "मी न्हाई मानत. मी पंचायत बसवीन!"

"बसव. आन् तुझ्या बायकोला बी बोलाव. पाचशे रुपये कुठं गेले म्हणून सांगितलंस तिला?"

अच्युतरावानं बायकोला सांगितलं होतं की पाचशेची मिरची कृष्णेत वाहून गेली. तो हमालाला हाक मारायला निघाला.

"सांडलेल्या मिरच्या ऱ्हाऊ दे," अनसूया मागनं म्हणाली. "वर्षाचं तिखट होईल."

"आन् माझा विरुपाक्ष?" नलिनीअक्का म्हणाली. "आगाऊ खर्चलंय मी. त्याला परत टेबलावर पाठवू?"

विरुपाक्ष ट्रंक घट्ट धरून उभा होता. "मी मोरीत पण राहतो," तो म्हणाला. सकाळपासून त्याचं हे पहिलंच वाक्य होतं.

चनमल्लप्पानं त्याला खालून वर न्याहाळलं. "काम चालू असलेल्या घरात कामगार राहू शकतंय. ऐतवारी चार टोपली माती वाहशील?"

"आठ वाहतो!"

"झालं," अनसूया म्हणाली. "वन्सं, तीन म्हैन्याचं तुमी घेतलंय, तेवढं तुमच्या चारशेतनं गेलं. पुढचे सात रुपये माझ्या हातात. ते बी हप्त्यात जातील. आता किती?"

मुकुंदरावांनी डोळे मिटले. पहिल्यांदाच नातेवाईक असलेलं उदाहरण सुटत होतं. "म्हैन्याला बावीस. पाच वर्षं आन् आठ म्हैने, वर चार रुपये. अक्काला एकवीस आधीच पोचले, म्हणून पहिले तीन म्हैने पंधराच."

"म्हंजे माझेच पैसे माझ्याच भाडेकरूकडनं मला?" नलिनीअक्कानं विचार केला, आणि तिला हसू आलं, तिच्याच पद्धतीचा डाव होता, फक्त तिनं खेळलेला नव्हता. "लई शिकलीस गं अनसू."

"तुमचंच बघून, वन्सं."

"आन् मी?" नरहरराव हळूच म्हणाले. निकाल देऊन झाल्यावर ते एकदम म्हातारे दिसायला लागले होते. "माझी खुर्ची टांग्यात परत टाकू?"

"खुर्ची पूर्वेच्या खोलीत ऱ्हाऊ द्या. तुमी बी ऱ्हावा आठ दिस, पंधरा दिस. कब्जा न्हाई, पाव्हणे म्हणून. पाव्हण्याला कलम लागत न्हाई."

नरहररावांनी चष्मा काढून पुसला. "तसं लिहून ठेवू का?"

"नको!" सगळे एकदम म्हणाले.

ईरम्मा मात्र अजून चुलीपाशीच उभी होती. तिचा प्रश्न सकाळचाच होता आणि तो तिनं परत विचारला नाही, नुसतं पाहिलं. अनसूयानं दुधाचं पातेलं तिच्या हातात दिलं. "खीर कर. आन् तुमची चूल माडीवरच ऱ्हाऊ दे. काम चालू हाय न्हवं?"

*

दुपारी पंगत उठल्यावर अंगणात सावली आली. भटजी दक्षिणा घेऊन गेले. वास्तू झाली नव्हती म्हणून अर्धीच मिळाली, आणि उरलेली पाच वर्षांनी न्यायचं त्यांनी कबूल केलं. नरहरराव खुर्चीत घोरत होते. विरुपाक्ष पलंगावर आडवा झाला होता आणि चार महिन्यांनी पाय लांब केल्याचा आनंद त्याच्या अंगठ्यांवरनं दिसत होता.

मुकुंदराव बराच वेळ ओट्यापाशी घुटमळत होते. बायको त्यांच्याशी सकाळपासून धड बोलली नव्हती. काहीतरी करावं, तिला बरं वाटेल असं, म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या आणि भिंतीशी उभा केलेला पायरीचा दगड दोन्ही हातांनी उचलला.

"ठेवा तो खाली!" अनसूया दारातनं ओरडली. माडीवरनं चनमल्लप्पा ओरडला. खुर्चीतनं झोपेतच नरहरराव ओरडले.

मुकुंदरावांनी दगड परत भिंतीशी ठेवला, अगदी हळू, पोर झोपलेलं असावं तसा.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तू रोज त्यात धडपडशील."

"न्हाई धडपडत." ती खाली उतरून त्यांच्याजवळ आली. थोडा वेळ दोघं घराकडं बघत उभे राहिले. तांबड्या दगडाच्या भिंती, वर न झालेली माडी, दारात सुकायला लागलेली आंब्याची डहाळी. "पाच वर्षं फुंकायचं, तेवढंच. सवय हाय मला."

"आन् मग?"

"मग सगळ्यांना बोलवायचं. वन्संच्या पातेल्यात काठोकाठ दूध ठेवायचं आन् मी परसात जाऊन बसायचं. दुधाकडं बघायला कुणी यायचं न्हाई."

ती वळली. लुगडं जरा वर घेतलं, दोन पायऱ्या चढली, नसलेल्या तिसरीवरनं लांब पाय टाकला आणि घरात गेली.